पाठकोरं

मी लातूरला एका आडत दुकानात हिशोब लिहितो. सोळा वर्षं झाली. सीझनला तूर, सोयाबीन, हरभऱ्याच्या एवढ्या पट्ट्या फाटतात की संध्याकाळपर्यंत बोटं दुखायला लागतात. ज्यांचा बाजाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा माल विकल्यावर त्याला मिळणारा हिशोबाचा कागद, वर त्याचं नाव आणि गाव, मग किती कट्टे, किती क्विंटल, काय भाव लागला, खाली हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या हातात पडणारी रक्कम. शेतकरी पट्टी हातात आली की वरचं काही वाचत नाही, नजर सरळ शेवटच्या ओळीवर जाते. कुणी ती घडी घालून टोपीत ठेवतो, कुणी दोनदा वाचतो आणि मग कुणाला दिसू नये अशी खिशात कोंबतो.

पट्ट्या चुकतात पण. नाव चुकतं, वजन चुकतं, मग ती पट्टी रद्द. ह्या रद्द पट्ट्यांच्या मागची बाजू कोरी असते आणि गेली बारा-तेरा वर्षं मी जे काही लिहिलं, कथा म्हणा, लेख म्हणा, चार-दोन कविता म्हणा, त्या सगळ्याचा पहिला खर्डा ह्या पाठकोऱ्या कागदांवर झालाय. आता दुकानात कॉम्प्युटर आलाय, पट्ट्या प्रिंटरमधून निघतात, पण चुका माणसंच करतात त्यामुळं पाठकोऱ्यांचा पुरवठा काही थांबलेला नाही.

मला हल्ली कुणीकुणी विचारतं, विशेषतः कॉलेजातली पोरं, की तुम्हाला सुचतं कसं, आणि लिहायला काय वापरता, कुठलं ॲप, कुठली वही. दोन प्रश्न वेगळे वाटतात पण मला ते एकच वाटतात. सुचणं आणि अवजार ह्यांना मला वेगळं काढता येत नाही. ह्याच्यावर मी बराच विचार केलाय, आणि तो विचार आज्जीच्या जात्यापासून सुरू होतो, म्हणून आधी तेच सांगतो.

मे 2014. गावाकडं गेलो होतो. आज्जीचं वय तेव्हा नव्वदीच्या आसपास असेल, नेमकं तिलाही माहीत नव्हतं. लहानपणी पहाटे तिच्या ओव्या ऐकत आम्ही झोपेत कुशी बदलायचो, ते मला अचानक फार आठवायला लागलं होतं आणि नवा फोन घेतलेला, त्यात रेकॉर्डर होता. म्हणलं आज्जी, म्हण की एखादी ओवी, मी ह्याच्यात भरून घेतो. ती ओसरीवर पाय पसरून बसलेली. दोनदा खाकरली, तोंड उघडलं, आणि मग थांबली. म्हणाली, "अशी कशी म्हणू रं लेकरा, हात रिकामे हायत."

मला वाटलं लाजली. आग्रह केला. तिनं खरंच प्रयत्न केला, पहिला शब्द यायचा आणि पुढचं जायचं, दोन-तीनदा असं झालं, आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाली समदं गेलं बघ इसरून. मग मायच्या डोक्यात आलं. जातं गोठ्याच्या मागं पडलेलं, त्याच्यावर कोंबड्या बसायच्या. मी आणि चुलतभावानं ते उचलून आणलं, धुतलं, खुंटा हलत होता तो चिंधी गुंडाळून ठोकून बसवला. मायनं मूठभर जोंधळे वैरणीला, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायला दिले. आज्जीनं एक पाय पुढं लांबवला, खुंट्याला हात घातला. पहिला फेरा, दुसरा फेरा, पीठ पडायला लागलं, आणि तिसऱ्या फेऱ्याला आवाज लागला.

त्या दिवशी सत्तेचाळीस मिनिटं भरली. एकातून एक ओवी निघत होती, भावाची, बापाची, मेलेल्या लेकीची, विठ्ठलाची, कुणाच्या तरी खोड्याळ सासूची, आणि हात थांबला की ओवी थांबायची, वैरण घालताना मध्येच अर्ध्यावर तुटायची आणि फेरा सुरू झाला की नेमकी तिथूनच पुढं जायची. मी फोन धरून बसलो होतो आणि अंगावर काटा आला होता. तिला ओव्या पाठ होत्या म्हणणं बरोबर नाही. त्या तिच्या डोक्यात नव्हत्याच, त्या तिच्या दंडात होत्या.

ते बघितल्यापासून मी लिहिण्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. तोपर्यंत माझी समजूत होती की लेखकाला शांतता पाहिजे, टेबल पाहिजे, खिडकीतनं झाड दिसलं पाहिजे. एकदा मी दुकानातनं आठ दिवसांची सुट्टी घेऊन मुद्दाम लिहायला बसलो होतो, बायको लेकरांना घेऊन माहेरी गेली, घर शांत, चहाचा थर्मास शेजारी, आणि आठ दिवसांत पानभर सुद्धा धड झालं नाही. नवव्या दिवशी दुकानात आलो, काट्यावर वजन सुरू होतं, हमाल कट्टे उचलत होते, मापाडी आकडे पुकारत होता, मी ते लिहून घेत होतो, आणि दहा मिनिटांत मला ती कथा सापडली जी मी आठ दिवस शोधत होतो. पट्टी पालटली आणि मागं दोन ओळी टाकल्या. तेव्हा मला हे नुसतं नवल वाटलं होतं. आज्जीचं ऐकल्यावर कळलं. हात रिकामे असले की डोकं स्वतःकडंच बघत बसतं. हाताला कामाची लय मिळाली की कान मोकळा होतो, आणि मला जे काही सुचलंय ते सगळं कानातून आलेलं आहे.

आणि कानाला मराठवाड्यात काय कमी आहे. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या कुठल्याही रस्त्याच्या तोंडाशी अर्धा तास उभं राहावं. एसटीच्या मागच्या सीटवर बसावं. आमच्या दुकानात औशाचा माणूस येतो, रेणापूरचा येतो, निलंग्याचा येतो, एकाच जिल्ह्यातले, पण क्रियापद बदलतं, हेल बदलतो. निजामाच्या राजवटीत आमच्याकडं कचेरी आणि शाळा उर्दूत चालायच्या, 17 सप्टेंबर 1948 ला ते संपलं, पण शब्द राहिले. आजोबांच्या जुन्या वह्यांमध्ये मराठी वाक्यात असे उर्दू शब्द बसलेत की काढले तर वाक्यच ढासळेल. म्हातारी माणसं अजून तसं बोलतात. एकदा एका म्हाताऱ्याला विचारलं, कामून एवढ्या लवकर विकलालाव तूर, भाव वाढंल की. तो म्हणाला, "भाव वाढंल, पर माझी गरज तवर कशी वाढवू." मी ते तसंच्या तसं लिहून ठेवलं. आठ वर्षं झाली, अजून त्या वाक्याची जागा सापडलेली नाही, पण सापडेल.

आता अवजारांचं.

वहीचं मी बरंच करून बघितलंय. वेरूळला सहकुटुंब गेलो होतो तेव्हा दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुऱ्याला थांबलो. हाताने कागद करणाऱ्यांचं गाव. मुहम्मद तुघलकानं 1327 च्या सुमाराला दिल्लीहून राजधानी देवगिरीला हलवली, त्याच्यासोबत जे कारागीर आले त्यांच्यापासून इथली कागदाची कला सुरू झाली असं सांगतात. जुन्या कापडाच्या चिंध्या कुटून, भिजवून त्याचा लगदा करायचा, तो पाण्याच्या हौदात कालवायचा, गवताच्या बारीक काड्यांची चटईसारखी जाळी त्यात बुडवून अलगद वर घ्यायची, पाणी निथळतं आणि जाळीवर कागदाचा ओला थर राहतो. मग वाळवणं, खळ लावणं, गुळगुळीत दगडानं घोटणं. प्रत्येक कागद माणसाच्या हाताखालून इतक्या वेळा जातो. मी तिथनं पंचवीस ताव घेतले, महाग पडले, पण वाटलं ह्याच्यावर काहीतरी मोठं लिहीन.

दोन वर्षं ते तसेच कपाटात. काढायचो, हात फिरवायचो, वास घ्यायचो, परत ठेवायचो. एवढ्या सुंदर कागदावर खोडायची हिंमतच होत नव्हती, आणि खोडायची मुभा नसेल तर मला पहिलं वाक्य सुद्धा लिहिता येत नाही. त्यात कागदाचा काही दोष नाही, तो कागद पोथीचा आहे, ज्याला काय लिहायचं ते आधी पक्कं ठाऊक आहे त्याच्यासाठी आहे. माझ्यासारख्याला, ज्याला लिहिता लिहिता कळतं, त्याला पाठकोरं लागतं. एका बाजूला कुणाचा तरी हरभरा विकला गेलेला आहे, कागदाचं काम होऊन गेलेलं आहे, आता मागच्या बाजूवर तुम्ही काहीही करा. ह्या मोकळेपणाची किंमत मला कुठल्याच वहीत मिळाली नाही.

दासोपंतांचा विचार मी कितीदा करतो. आमच्या अंबाजोगाईचे. सोळाव्या शतकातले संतकवी. त्यांची पासोडी आहे ना अंबाजोगाईत, ती एकदा तरी बघावी, जवळपास 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापड आणि त्याच्यावर ओळीमागून ओळी लिहिलेल्या, आकृत्या काढलेल्या. पासोडी म्हणजे पांघरायचं जाड कापड. माणूस जे अंगावर घेतो त्याच्यावर ह्यांनी पंचीकरणासारखा अवघड वेदान्ताचा विषय मांडला. शाळेत असताना सरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं कागद मिळत नसेल. मोठा झाल्यावर वाटायला लागलं, तसं नसेल. ज्याला सलग दिसायला पाहिजे आहे, पान उलटून तुटायला नको आहे, तो एवढं लांब कापडच घेणार. अर्थात हे माझं वाटणं.

त्यांच्याबद्दल अजून एक गोष्ट सांगतात, की त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची. मला ही गोष्ट लई आवडते. लोक विचारतात रोज किती तास लिहिता, किती शब्द लिहिता. इथं माप काय आहे तर शाई. दौत संपली की दिवस संपला. मी पण ते घेतलं. माझं माप एक पट्टी. रोज एका पट्टीची मागची बाजू भरायची, जेमतेम वीतभर कागद, पण कोरा सोडायचा नाही. ज्या दिवशी खूप सुचतं त्या दिवशी सुद्धा एकच. हे दुसरं जास्त अवघड आहे.

हे मी खरं तर मायकडनं शिकलो. आमची माय पेरणीला चाड्यावर मूठ धरायची आणि तिच्या मुठीचं गावात नाव होतं, मृग लागला की लोक आठ दिवस आधी सांगून ठेवायचे, वैनी आमच्याकडं परवा या. तिफणीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या वाटीसारख्या तोंडात, बी सोडायचं आणि ते तीन नळ्यांतून तीन तासांत, म्हणजे मातीतल्या तीन ओळींत, सारखं पडायला पाहिजे. मूठ सैल पडली की दाट उगवतं, रोपं एकमेकाला खातात. मूठ आवळली की विरळ, मध्ये मोकळ्या जागा दिसतात आणि त्या चार महिने सगळ्या गावाला दिसत राहतात. बैल चालतायत, पाय ढेकळात, पाऊस कधी येईल नेम नाही, आणि मूठ तेवढीच सुटली पाहिजे. मी तिला विचारलं होतं, तुला कसं कळतं किती सोडायचं. म्हणाली, "बी बघायचंच न्हाई, बैलाचं पाऊल ऐकायचं." बघा, इथं पण कानच.

फोन मी वापरतो, भरपूर वापरतो. पट्टीवरचं रात्री फोनवर टाइप करतो आणि टाइप करताना निम्मं गळतं, ते गळायलाच पाहिजे असतं. युनिकोड आल्यापासून देवनागरी कुठंही तशीच दिसते हे आमच्यासारख्या गावाकडनं लिहिणाऱ्यांवर मोठे उपकार आहेत, आधी एका फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसती चित्रविचित्र चिन्हं व्हायची आणि मी एक दिवाळी अंकाची कथा अशीच हातानं पुन्हा लिहून पोस्टानं पाठवली होती. बोलून टाइप करायची सोय पण चांगली आहे, गाडी चालवून आल्यावर घराच्या दारात उभा राहून मी कितीदा बोलून ठेवलंय. पण तिची एक अडचण आहे. मी म्हणतो "माय भाकरी करूलाली", फोन लिहितो भलतंच. त्याला पुण्याची मराठी कळते, आमची नाही. सुरुवातीला मी त्याच्यासाठी शुद्ध बोलायला लागलो, "आई भाकरी करत आहे", आणि महिनाभरानं माझ्या लक्षात आलं की माझ्या कथेतली माणसं तशीच बोलायला लागलीत. रेणापूरची म्हातारी "करत आहे" म्हणायला लागली. घाबरलोच. तेव्हापासून संवाद मी फक्त हातानं लिहितो. अवजार तुम्हाला आपल्यासारखं करत असतं, आणि ते इतकं हळू होतं की कळत नाही.

2016 चा उन्हाळा आठवतो का. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. टँकर भरायच्या जागेवर जमावबंदी लागलेली. धनेगावचं धरण तळाला गेलेलं, मांजरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची. त्या वर्षी मी काही लिहू शकलो नाही. आज्जी 2015 च्या पौषात गेली होती, त्यात हे. रात्री दोनला उठून नळाची वाट बघायची, सकाळी दुकान, बाजारात मालच नाही, पट्ट्याच नाहीत तर पाठकोरं कुठलं. मी रिकामा बसायचो. लोक म्हणायचे दुष्काळावर लिही की, एवढं डोळ्यासमोर आहे. डोळ्यासमोर होतं म्हणूनच येत नव्हतं.

जात्याचा दगड वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग दळत नाही, दाणे तसेच बाहेर पडतात. त्याला टाकी लावावी लागते. टाकी लावणारा दारावर यायचा, छिन्नी-हातोडीनं दगडाला बारीक बारीक खाचा पाडायचा, दुपारभर टकटक चालायची. आज्जी म्हणायची, टाकी लावल्यावर पहिलं दळण खायचं नसतं, त्याच्यात कच येते. मी त्या वर्षात वाचनालयात जाऊन बसायला लागलो, जे हाताला लागेल ते वाचलं, संतांपासून ते शेतीच्या मासिकांपर्यंत, आणि दुसऱ्या वर्षी जे पहिलं लिहिलं त्यात कच होतीच, वाचलेलं सगळं दाताखाली येत होतं. ते फेकून दिलं. त्यानंतरचं बरं उतरलं.

आणि मग 2017 मध्ये फोन गेला.

गावाकडं जनावरांच्या हौदात पडला. वाकून पाणी शेंदत होतो, वरच्या खिशातनं सरळ आत. काढला, पुसला, तांदळात ठेवला, लातूरला दुरुस्तीवाल्याकडं नेला, त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि मान हलवली. आज्जीची सत्तेचाळीस मिनिटं त्याच्यात होती आणि फक्त त्याच्यातच होती. तीन वर्षं मी उद्या उतरवून घेतो, उद्या दुसरीकडं टाकून ठेवतो करत राहिलो, आणि मधल्या काळात ती गेली. म्हणजे ती माझ्यासाठी दोनदा गेली. हे मी अजून कुठं लिहिलं नव्हतं.

त्या दिवसांत मी म्हाइंभटांबद्दल वाचलं. आधी नाव माहीत होतं, परीक्षेपुरतं. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिलं, ज्याला ज्याला स्वामी भेटले होते, ज्यानं ज्यानं त्यांचं बोलणं ऐकलं होतं, त्या माणसाकडं स्वतः जायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. तेराव्या शतकात. पायी. मराठी गद्याची सुरुवात ह्या विचारत फिरण्यातनं झाली, ह्याचा मला केवढा तरी अभिमान वाटला. आणि महानुभाव परंपरेत पुढं असं सांगतात की एका धाडीत ती मूळ पोथी गेली, आणि मग ज्यांना ज्यांना जे पाठ होतं त्याच्यावरनं ती पुन्हा उभी केली. हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. पोथी गेली तरी पाठ असणारी माणसं होती. माझं काय पाठ होतं? मी ऐकलं होतं कुठं, मी तर रेकॉर्ड केलं होतं. फोन ऐकतोय म्हणून मी ऐकलंच नव्हतं.

पण आत्या होती. आज्जीची थोरली लेक, धारूरकडं दिलेली, वय पंचाहत्तर. तिला फोनवर विचारलं, तर तीच तऱ्हा, "आता कुठं आठवतंय बाबा." मग 2022 ला पुतणीचं लग्न निघालं. आमच्याकडं लग्नाआधी घाणा भरतात, जात्याला आणि मुसळाला हळकुंड-सुपारी बांधून पाच सवाशिणी हळद दळतात. एरवी जातं कुणाच्या घरात चालत नाही पण लग्नात लागतंच. मी ते आमचंच जातं टेम्पोत घालून लातूरला आणलं. आत्या सवाशीण, तिचा मान पहिला. खुंट्याला हात लागला आणि मी मंडपातनं बघत होतो, तिचा दंड हलला, मान आज्जीसारखी एका बाजूला कलली, आणि तिसऱ्या फेऱ्याला, देवाशपथ सांगतो तिसऱ्याच, आवाज लागला.

ह्या वेळी मी फोन काढला नाही. म्हणजे काढला, पुतण्याकडं दिला, तू भर म्हणलं, आणि मी मांडी घालून जात्यासमोर बसलो, खिशात चार पाठकोऱ्या पट्ट्या होत्या, त्याच्यावर लिहीत गेलो. हळद उडत होती, कागद पिवळे झाले, ते तसेच आहेत अजून. हळदीचं दळण संपलं तरी बायका उठेनात, मग गहू टाकले. दोन चुलत्या, शेजारची एक म्हातारी, सगळ्या एकमेकीला आठवून द्यायला लागल्या, नाही गं तसं नाही, त्याच्यात आधी तुळस येते. मांडवात जेवायच्या पंगती ताटकळल्या. बावीस ओव्या मिळाल्या. आज्जीच्या सगळ्या नाहीत, पण बावीस.

त्यातली एक अर्धीच होती. पहिली ओळ आत्याला आली,

मांजरेला आला पूर, पाणी लागलं काठाला

आणि पुढचं येईना. पुन्हा फेरा घेतला, पुन्हा तिथंच अडली. बाकीच्यांनाही येईना. भावाचं आहे एवढं आत्याला पक्कं ठाऊक होतं, भाऊ न्यायला येतो आणि नदी आडवी येते. त्या पहिल्या ओळीनं मला धरूनच ठेवलं, ज्या मांजरेत मी पोरं क्रिकेट खेळताना बघितली तिला पूर आलाय आणि त्या पुराच्या अलीकडं एक सासुरवाशीण उभी आहे. मी लेखक आहे, मला वाटलं दुसरी ओळ मी करीन. काही महिने माझ्या रोजच्या पट्टीवर तेच. भाऊ राहिला पल्याड, कोण नेईल म्हायेराला. भाऊ पल्याड उभा, डोळे लावून वाटंला. बहिणीचा जीव तुटतो, आसू येती गं डोळ्याला. यमक जुळत होतं, ओळी वाईट नव्हत्या, एक तर मला रात्री लिहिली तेव्हा बरीच चांगली वाटली आणि मी आत्याला फोन करून म्हणून दाखवली. ती ऐकून घेत होती. मग हळू म्हणाली, "चांगली हाय. पर ती न्हाई."

नंतर मी सोडून दिलं. वहीत बावीसावी ओवी अर्धी तशीच ठेवली, खाली एक ओळीची जागा मोकळी.

मागच्या महिन्यात, रात्रीचे साडेनऊ असतील, जेवायला बसलो होतो आणि आत्याचा फोन. ती एवढ्या रात्री कधी करत नाही, मला वाटलं काही वाईट बातमी. "कुठं हायस? लिवून घे आधी," म्हणाली. मागं सुपाचा आवाज येत होता, तूर पाखडत होती, सून म्हणत होती आत्ता रात्री कशाला, आणि पाखडता पाखडता आली म्हणाली, आत्ता आली, लिव लवकर, सूप थांबवलं तर जाईल. माझा हात खरकटा. पेन सापडेना, लेकीनं कंपासमधली पेन्सिल दिली, कागद म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर, दुधाच्या हिशोबाच्या कडेला. आत्यानं आधी पहिली ओळ म्हणली, पूर्ण, सुरात, सुपाच्या ठेक्यावर, आणि मग,

बंधू पल्याड उभा माझा, चोळी बांधून फेट्याला

"समजलं का? चोळी भिजू नये म्हणून. पव्हून येणार हाय त्यो," आत्या म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.